ओळखीच्या गावात कॅमेरा घेऊन फिरताना

वाचकाचे पत्र :

मी ४३ वर्षांची असून सांगलीत एका सहकारी बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी बोनसच्या पैशांतून १८-५५ लेन्सचा साधा डीएसएलआर कॅमेरा घेतला. रविवारी सकाळी आणि कधीमधी बँकेतून परतताना गणपती पेठ, मारुती चौक, कृष्णेचा घाट, मार्केट यार्ड या भागांत फिरून मी रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढते. यात मला जो आनंद मिळतो तो दुसऱ्या कशात मिळत नाही. पण गाव ओळखीचे. कॅमेरा वर केला की कोणीतरी ‘काय मॅडम, पेपरात देणार का?’ म्हणत नीट उभे राहते. मागच्या महिन्यात यार्डात एका गृहस्थांनी रागावून फोटो पुसायला लावला. एका जाणकारांना माझे फोटो दाखवले, तर ते म्हणाले, की यातले काही स्पर्धेत चालणार नाही. मनावर घ्यायचे असेल तर भारी लेन्स घ्या आणि लडाखला जाऊन या, नाहीतर मोबाइल पुरे. मुलगी विचारते, ‘आई, तू तेच तेच फोटो का काढतेस?’ मनावर घेतले तर यातली मजा जाईल अशी भीती वाटते, आणि नुसती मजाच करत राहिले तर हार्ड डिस्क भरत जाईल, हाती काही लागणार नाही, असेही वाटते. मी काय करावे?

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मजा आणि गांभीर्य यांपैकी एकाची निवड करावी लागेल असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि तुमच्या साऱ्या अडचणीचे मूळ मला तिथेच दिसते. रस्त्यावरच्या छायाचित्रणाला या दोन्ही गोष्टी लागतात. फक्त त्यांच्या वेळा निरनिराळ्या आहेत. रस्त्यावर असताना खेळावे आणि घरी परतल्यावर निवड करताना कठोर व्हावे. बहुतेक हौशी मंडळींचे याच्या नेमके उलट होते. आज एक तरी चांगला फोटो मिळालाच पाहिजे या ताणाखाली ती रस्त्यावर वावरतात, आणि घरी आल्यावर मात्र स्वतःच्या प्रत्येक फोटोवर इतकी माया करतात, की हजारांतला एकही बाजूला काढवत नाही. तुमची हार्ड डिस्क भरत चालली आहे ती निवड होत नाही म्हणून. त्याचा दोष खेळाला देऊ नका.

खेळ म्हणजे काय ते थोडे नेमके सांगते, कारण नुसते ‘मजा करा’ असे सांगून कोणाला मजा येत नाही. खेळाला नियम लागतो आणि तो तुम्ही स्वतःच घालून घ्यायचा असतो. एखाद्या रविवारी ठरवावे, की आज फक्त पाठमोरी माणसे टिपायची. दुसऱ्या रविवारी मारुती चौकातला एकच कोपरा धरावा आणि अर्धा तास तिथून हलू नये. माणसे आपणहून चौकटीत येतील आणि जातील. कधी एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन माणसे एका चौकटीत अशा रीतीने आणावीत, की पाहणाऱ्याला त्यांचे काहीतरी नाते असावे असे वाटावे. कधी फक्त हात टिपावेत, पैसे मोजणारे, गाठोडे बांधणारे, भडंगाला तिखट-मीठ लावणारे. असा नियम घेतला की डोळ्याला एकच काम मिळते आणि ‘हा फोटो चांगला आहे का’ ही मनातली सततची टोचणी थांबते. त्या दिवशी एकही फोटो जमला नाही तरी बिघडत नाही, कारण डाव हरला तरी खेळ झालेला असतो.

आता गाव ओळखीचे असण्याबद्दल. या कलेच्या ज्या रीती आपण वाचतो आणि ऐकतो, त्या मुख्यतः पॅरिस, न्यूयॉर्क अशा अफाट शहरांत घडल्या. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून ठेवत असत, जेणेकरून कोणाचे तिकडे लक्ष जाऊ नये. जिथे समोरचा माणूस आयुष्यात पुन्हा भेटण्याची शक्यता नाही, तिथे ही अदृश्य राहण्याची विद्या उपयोगी पडते. सांगलीत ती चालणार नाही, आणि चालत नाही म्हणून खंत करण्याचेही कारण नाही. गणपती पेठेत रविवारी ज्या दुकानदाराचा फोटो तुम्ही काढाल, तो मंगळवारी तुमच्या खिडकीसमोर पासबुक घेऊन उभा असेल. तुमच्या छायाचित्रणाची रीत या वस्तुस्थितीतून निघाली पाहिजे. दुसऱ्या शहरातून उसनी आणलेली रीत इथे तुम्हाला केवळ संकोच देईल.

म्हणून ‘पेपरात देणार का’ असे विचारणाऱ्याला टाळू नका. तो नीट उभा राहतो, केसांवरून हात फिरवतो, तेव्हा त्याचा तसाच फोटो काढा, आणि तो मनापासून काढा. उजेड कुठून येतो आहे ते पाहा, त्याला दोन पावले सावलीत यायला सांगा, काढलेला फोटो मागच्या पडद्यावर दाखवा. ‘पेपरात नाही, मला आवड आहे म्हणून काढते’ हे सरळ उत्तर द्या. मग तिथून लगेच निघू नका. पाच-दहा मिनिटांत त्याचे कुतूहल संपते आणि तो आपल्या कामाला लागतो. तुम्ही तिथेच असता, पण आता त्याला तुमचे काही वाटत नाही. ज्या फोटोसाठी तुम्ही आला होता तो त्यानंतर मिळतो. पुढच्या खेपेला त्याच्या नीट उभे राहिलेल्या फोटोची ४ बाय ६ इंचाची प्रत घेऊन जा आणि त्याच्या हातात द्या. या किरकोळ खर्चाने जे साधते ते कोणत्याही महागड्या लेन्सने साधत नाही. एका ओळीतल्या चार दुकानांत अशा प्रती पोहोचल्या की त्या ओळीत तुमची ओळख फोटो आणून देणाऱ्या बाई अशी होते, आणि अनोळखी छायाचित्रकाराला जे जन्मात दिसणार नाही ते तुम्हाला दर रविवारी दिसू लागते.

या ओळखीची दुसरी बाजू मात्र तुम्ही गांभीर्याने घ्यावी असे मला कळकळीने वाटते, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तुम्ही बँकेत काम करता. ज्याचा कर्जाचा हप्ता थकलेला आहे, ज्याचे प्रकरण मंजुरीसाठी तुमच्या टेबलावरून जाणार आहे, असा माणूस बाजारात तुम्हाला भेटला आणि तुम्ही त्याच्यावर कॅमेरा रोखला, तर तो ‘नको’ म्हणू शकेल का? तो हसेल, नीट उभा राहील, कदाचित चहाही मागवेल, पण त्या होकाराला किंमत नाही. अशा माणसांना नमस्कार करावा, ख्यालीखुशाली विचारावी आणि कॅमेरा खांद्यालाच राहू द्यावा. हेच तुमच्या शाखेतल्या शिपायाला, घरी कामाला येणाऱ्या बाईंना, मुलीच्या रिक्षावाल्या काकांनाही लागू आहे. नकार देणे ज्याला खरोखर शक्य आहे, त्याचाच होकार धरावा.

यार्डातल्या गृहस्थांनी फोटो पुसायला लावला आणि तुम्ही पुसला, हे योग्यच झाले. सार्वजनिक जागी सामान्य फोटो काढण्याला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आहे, आणि कायद्याचा कीस काढण्याची जागा बाजाराचा रस्ता ही नव्हे. त्या गृहस्थांच्या बाजूनेही पाहा. हळदीचे सौदे चालू असतात तेव्हा तिथे पैशाचा व्यवहार चाललेला असतो. कोणाचा माल किती आला, कोण कोणाशी बोलतो आहे, पोत्यावर काय लिहिले आहे, हे सगळे तुमच्या चौकटीत येते, आणि तो फोटो पुढे कुठे जाईल हे त्याला ठाऊक नसते. सौदे सुरू असताना लांब राहावे. ते उरकले की हमाल पाठीवर पोती घेऊन निघतात, मापाड्यांची कामे चालू होतात, झाडणाऱ्या बायका येतात, आणि खरे पाहण्यासारखे तेव्हाच सुरू होते. आधी अडतीच्या दुकानात जाऊन ‘इथे थोडा वेळ फोटो काढले तर चालेल ना’ असे एकदा विचारून ठेवले, तर पुढचे वाद बहुतेक होतच नाहीत.

काही फोटो परवानगी असली तरी काढू नयेत आणि काही काढले तरी दाखवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. घाटावर आंघोळ करणारी किंवा धुणी धुणारी स्त्री, रस्त्याकडेला झोपलेला किंवा नशेत पडलेला माणूस, रुग्णालयाच्या दारातले नातेवाईक, स्मशानभूमीची वाट, यांच्याकडे कॅमेरा वळवू नये. लहान मुलांचे फोटो आई-वडिलांच्या देखतच काढावेत. भिकाऱ्यांचे फोटो नवशिक्यांना फार भुलवतात, कारण त्यांत करुणा आयती मिळते; ती आपली कमाई नसते. आणि संध्याकाळी कृष्णाकाठी बसलेल्या तरुण-तरुणीचा पाठमोरा फोटो कितीही सुंदर आला, तरी तो त्या रात्री व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवू नका. मुंबईत त्या दोन पाठी कोणाच्याही असू शकतात. सांगलीत ओढणीवरून, चपलांवरून, शेजारी लावलेल्या गाडीवरून माणूस ओळखले जाते, आणि तुमच्या एका फोटोमुळे कोणाच्या तरी घरात अनर्थ होऊ शकतो. काढलेला कोणताही फोटो, ज्याचा आहे त्याच्याखेरीज, काही महिने कोणालाच न दाखवण्याची सवय लावून घेतली, तर हा धोका बराचसा टळतो. त्याचा दुसरा मोठा लाभ पुढे सांगते.

स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल फार लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्याइतकेच कळते. अंधार पडल्यावर घाटाच्या निर्जन भागात एकटीने थांबू नये, आणि रेल्वे स्थानक, न्यायालय, पोलीस ठाणे अशा ठिकाणी आधी विचारून घ्यावे, एवढे पुरे.

तांत्रिक बाजूला येते. तुमची १८-५५ लेन्स चांगली आहे. मात्र तिचा झूम काही महिने विसरून जा. झूम हाताशी असला की माणूस जागेवर उभा राहून दूरचे जवळ आणतो, आणि फोटोत एक प्रकारचा चोरटेपणा येतो. लेन्स १८ मिमीवर, म्हणजे तिच्या सर्वांत रुंद टोकाला, ठेवा आणि तिथून हलवू नका. तुमच्यासारख्या कॅमेऱ्यांतला संवेदक (प्रकाश टिपणारा भाग) बहुधा लहान आकाराचा असतो, त्यावर १८ मिमी म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या सुमारे २८ मिमीइतकी रुंद नजर मिळते. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर पुढे जावे लागते, आणि पुढे गेले की बोलावे लागते. काही महिन्यांनी ३५ मिमीवर ठेवून पाहा. ती कार्तिए-ब्रेसाँ यांच्या आवडत्या ५० मिमीच्या जवळ जाणारी नजर आहे, थोडी शांत, थोडी लांबून पाहणारी.

रस्त्यावरचा क्षण कॅमेऱ्याच्या फोकससाठी थांबत नाही, म्हणून फोकस आधीच लावून ठेवण्याची जुनी युक्ती शिकून घ्या. लेन्स १८ मिमीवर, ॲपर्चर (लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र) एफ ८ वर ठेवा, साधारण २ मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करा आणि मग लेन्सवरचे बटण मॅन्युअलवर सरकवा. आता सुमारे १ मीटरपासून दूरवरचे सगळे पुरेसे स्पष्ट येईल. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे चालणारी माणसे पुसट होणार नाहीत. सायकल किंवा धावणारे पोर असेल तर १/५०० लागेल. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील असावा ते, कॅमेऱ्यावर सोपवा. एवढी तयारी घरातून निघतानाच करून ठेवली, की रस्त्यावर बटणांशी झटापट उरत नाही आणि दोन्ही डोळे माणसांसाठी मोकळे राहतात.

उजेडाचा अभ्यास मात्र तुम्हाला गावातच करावा लागेल, तो पुस्तकातून येणार नाही. सांगलीचे घाट नदीच्या पूर्व काठावर आहेत. सकाळी ते गावाच्या सावलीत असतात आणि पहिले ऊन पलीकडे सांगलीवाडीच्या बाजूला पडते. संध्याकाळी सूर्य नदीपलीकडे उतरतो, तेव्हा घाटावरची माणसे काळ्या आकृत्यांसारखी दिसतात आणि त्यांचे हातवारे, डोक्यावरची टोपी, पदराची कड हेच चित्र होते. पेठेतल्या अरुंद रस्त्यात दुपारी एका बाजूला कडक ऊन आणि दुसऱ्या बाजूला गडद सावली असते. तिथे उजेडाचे मोजमाप उन्हाच्या पट्ट्यावरून लावावे, सावलीला काळे होऊ द्यावे, आणि कोणी त्या पट्ट्यात पाऊल टाकेपर्यंत थांबावे. ‘भर दुपारी फोटो काढू नयेत’ हा नियम लग्नाच्या फोटोंसाठी ठीक आहे, तुमच्यासाठी नाही.

हळदीचा पिवळा रंग कॅमेऱ्याला चकवतो, म्हणून त्याबद्दल वेगळे सांगते. चौकटीत हळकुंडांची रास भरून आली की रंगसंतुलन आपोआप ठरवणारी यंत्रणा त्या पिवळेपणाला दोष समजते आणि तो काढून टाकण्याच्या नादात रास निस्तेज करते. संतुलन ‘डेलाइट’वर (उन्हाच्या सेटिंगवर) कायम करा, एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, किंचित कमी ठेवा, आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ, स्वरूपात साठवा, कारण इतका गडद रंग एकदा ओसंडून गेला की राशीचा पोत परत मिळत नाही. कृष्णधवल म्हणजे कला आणि रंगीत म्हणजे जाहिरात असे मानले जात होते, त्या काळात भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी हट्टाने भारतातले रस्ते, नद्या आणि माणसे रंगांत टिपली. त्यांचे काम मिळवून अवश्य पाहा. सांगलीच्या बाजारात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने रंग सोडून देऊ नये असे मला वाटते. हा आपल्या जिल्ह्याचा रंग आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हमालांच्या बनियनवर, हातगाड्यांच्या फळ्यांवर आणि गोदामांच्या उंबऱ्यांवर तो बसलेला आहे.

तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, आणि त्याचे उत्तर तुमच्याजवळ आधीच आहे. ते तुमच्या हार्ड डिस्कवर पडले आहे. अमेरिकन छायाचित्रकार सॉल लाइटर (१९२३–२०१३) हे न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात अनेक दशके राहिले आणि त्यांचे पुष्कळसे नावाजलेले फोटो घराजवळच्याच रस्त्यांवर काढलेले आहेत. वाफ धरलेल्या काचा, छत्र्या, पडणारा बर्फ, खिडकीपलीकडचा एखादा लाल रंग, एवढ्याच साहित्यावर त्यांचे काम उभे आहे. तेच ठिकाण वारंवार पाहिल्याशिवाय तिथे आज काय वेगळे आहे हे दिसत नाही. तुम्ही लडाखला गेलात तर पहिल्या दिवशी सगळेच वेगळे असेल, आणि म्हणूनच त्यातले विशेष काय ते तुम्हाला उमगणार नाही.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या भागाचे आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची पद्धत होती. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि पुष्कळशी निकामी झाली. जुन्या घरांतले अल्बम उघडले, तर लग्ने, मुंजी, बारशी यांचे फोटो हवे तेवढे सापडतील, परंतु पेवात उतरणाऱ्या माणसाचा फोटो शोधत फिरावे लागते. रोजचे आहे, त्याचे काय टिपायचे, असे प्रत्येकाला वाटले असणार. तुम्ही आज जे ‘तेच तेच’ काढता आहात त्यात काय काय नाहीसे होणार आहे ते आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक निवडलेल्या फोटोमागे तारीख आणि जागा लिहा, आणि सगळे फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा; त्यांतली एक घराबाहेर, उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे असू द्या. २०१९ चा महापूर पाहिलेल्या गावाला हे अधिक समजावून सांगायला नको.

पुराचा विषय निघालाच आहे, तर पावसाळ्याचे सांगते. कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीकर आयर्विन पुलावर पाणी पाहायला जातात. १९२९ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या त्या पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. तिथे जमलेले सगळे जण पाण्याकडे पाहत असतात. तुम्ही पाण्याकडे पाठ करा आणि पाहणाऱ्यांकडे पाहा. आजोबांच्या खांद्यावरचे नातवंड, बोटाने खूण दाखवणारा तरुण, काहीच न बोलणारी सांगलीवाडीची बाई, मोबाइल उंच धरलेले हात, या एका ठिकाणी गावाची सगळी वये आणि सगळे भाव एकत्र येतात, आणि कॅमेऱ्याकडे लक्ष द्यायला कोणालाही सवड नसते. जोवर पाणी नदीत आहे तोवर हे टिपावे. ते घरांत शिरू लागले की कॅमेरा पिशवीत घालावा आणि शेजाऱ्यांचे सामान वर चढवायला लागावे. बातमीचे छायाचित्रकार त्यांचे काम करतील. ती जबाबदारी तुमची नाही.

आता घरच्या कामाविषयी. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड (१९२८–१९८४) काढलेले फिल्मचे रोल मुद्दाम वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ न धुता ठेवत. फोटो काढताना मनाची जी अवस्था होती तिचा निवडीवर परिणाम होऊ नये, हा त्यामागचा विचार होता. त्या दिवशी तुम्ही आनंदात होता म्हणून फोटो चांगला वाटतो, की तो स्वतःच्या बळावर उभा आहे, हे ताज्या फोटोबद्दल कोणालाच सांगता येत नाही. तुम्ही वर्षभर थांबू नका, दोन महिने पुरेत. जूनचे फोटो ऑगस्टच्या अखेरीस उघडा. त्या महिन्याचे फक्त दहा ठेवा. बाकीचे पुसू नका, पण वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि विसरा. दहा मिळाले नाहीत तर चार ठेवा. निवडताना स्वतःला विचारावे, की फोटोबरोबर गोष्ट सांगितल्याशिवाय तो कळतो का. मुख्य माणसाखेरीज चौकटीत दुसरे काही घडते आहे का. चारही कडा पाहिल्या तर कुठे अर्धवट तुटलेला हात किंवा नको ती तार दिसते का. सर्वांत अवघड प्रश्न असा, की हा फोटो मला आवडतो, की तो मिळवायला मी जे कष्ट घेतले ते मला आवडतात.

निवडलेल्या फोटोंच्या छोट्या प्रती काढा आणि त्या घरात जमिनीवर पसरा. पडद्यावर एकेक फोटो पाहताना जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळते. तुम्हाला आढळेल, की तुम्ही नकळत पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे वळता आहात. ओझे वाहणाऱ्या पाठी असतील, दुकानाच्या पायरीवर बसून वाट पाहणारी माणसे असतील. तो तुमचा विषय. तो आधी ठरवून मिळत नाही, निवडीतून वर येतो, आणि पुढच्या रविवारच्या खेळाला दिशा देतो. या बैठकीला मुलीला शेजारी बसवा, आणि दहांपैकी दोन बाद करण्याचा अधिकार तिला द्या. कारण मात्र तिने सांगितले पाहिजे.

निवडीचा एवढा आग्रह मी का धरते तेही सांगते. शिकागोमध्ये मुले सांभाळण्याची नोकरी करत करत आयुष्यभर रस्त्यांवर फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) यांचे काम २००७ मध्ये एका लिलावातून उजेडात आले. त्यांनी काढलेल्या फोटोंची संख्या १ लाखाहून अधिक आहे आणि त्यांतले कित्येक रोल त्यांनी धुतलेलेही नव्हते. कोणालाही न दाखवता केवळ आवडीसाठी काम करणारी कलावंत म्हणून त्यांचे कौतुक होते, आणि ते योग्यही आहे. मला मात्र त्यांची कहाणी वाचताना हळहळ वाटते, कारण आज जग जे पाहते ती निवड बव्हंशी परक्यांनी केलेली आहे. त्यांना स्वतःला यातले काय ठेवावेसे वाटले असते, हे आता कळायचा मार्ग नाही. नोकरी आणि संसार सांभाळून तुम्हाला जो थोडा वेळ मिळतो, त्यातला निम्मा निवडीला द्यावा असे मी म्हणते ते यासाठी.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. त्या वाईट नाहीत, पण तिथे एकच फोटो एका नजरेत जिंकावा लागतो, आणि तुमचे काम एकमेकांशेजारी ठेवलेल्या वीस फोटोंचे आहे. त्यामुळे ते तिथे चालणार नाही हे त्या जाणकारांचे म्हणणे खरे असूनही त्यात तुमचा कमीपणा नाही. स्पर्धेसाठी माणसे उभी करून प्रसंग रचण्याचा मोह झाला, तर तो टाळा. फ्रेंच छायाचित्रकार रोबेर द्वानो यांचा १९५० सालचा पॅरिसमधला चुंबनाचा जगप्रसिद्ध फोटो ठरवून घेतलेला होता हे पुढे उघड झाले, तेव्हा तो खरा मानून त्यावर प्रेम केलेल्या अनेकांना वाईट वाटले. रचलेला फोटो ही वेगळी आणि मानाची कला आहे. तो रचलेला आहे एवढे सांगितले पाहिजे.

लांबचा प्रवास करायचाच असेल तर आधी मिरजेला जा. सतारमेकर गल्लीत सतारीसाठीचे भोपळे टांगलेली दारे आहेत, लक्ष्मी मार्केटमध्ये सकाळची गर्दी आहे, दर्ग्याच्या परिसरात दूरदूरची माणसे येतात, आणि तिथे तुम्हाला सांगलीइतके कोणी ओळखत नाही. ओळखीच्या आणि अनोळखी गावात आपला हात कसा बदलतो हे तिथे चांगले कळेल.

लेन्सचा निर्णय वर्षभर लांबणीवर टाका. तोवर प्रती, एक जादा बॅटरी आणि पावसासाठी साधे प्लॅस्टिकचे आवरण यांवर खर्च करा. वर्षअखेरीस निवडलेले सगळे फोटो संगणकावर उघडून त्यांची माहिती पाहा. प्रत्येक फाइलमध्ये तो किती मिमीवर काढला आहे याची नोंद असते. बहुतेक १८ च्या आसपासचे निघाले, तर रुंद नजरेची एक छोटी, न बदलणाऱ्या मापाची लेन्स घ्या. ३५ च्या आसपासचे निघाले तर त्या मापाची घ्या. ती वापरलेली मिळाली तरी चालेल, फक्त आत बुरशी धरलेली नाही ना हे टॉर्चच्या उजेडात पाहून घ्या, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते.